पानिपतात डोंगर नाही

पुण्या-साताऱ्याकडची माणसं गाडीतून उतरली, पाठ सरळ केली, चहाचा पहिला घोट घेतला की विचारतातच, "ताई, किल्ला कुठे आहे?" किल्ला नाही म्हटलं की थोडी गडबडतात. मग कुणीतरी काका हळूच म्हणतात, "निदान टेकडी तरी असेल ना?"

टेकडीही नाही. समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास असलेली ही जमीन पोळपाटासारखी पसरलेली आहे. पानिपतच्या शिवारात सगळ्यात उंच काय दिसतं, तर रिफायनरीची धुराडी, विटभट्ट्यांची धुराडी आणि बिटौडे. बिटौडा म्हणजे गोवऱ्या रचून, वरून शेणाने लिंपून, बोटांनी नक्षी काढून केलेली घुमटी. आपल्याकडच्या हुडव्याची थोरली बहीण. एकदा एका आजींनी गाडीतूनच बिटौड्याला नमस्कार केला होता, समाधी समजून. मी काही बोलले नाही. इथल्या बाया तो ज्या निगुतीने रचतात, ते पाहिलं तर नमस्कार अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

माझं माहेर मेणवलीचं. वाईच्या पलीकडे, कृष्णाकाठी. मागच्या दारी उभं राहिलं की डोंगर, पुढच्या दारी उभं राहिलं की डोंगर. नवरा कापड गिरणीत इंजिनियर, म्हणून लग्न होऊन इकडे आले त्याला तीस वर्षं झाली. "मुलगी कुठे दिली?" या प्रश्नाला "पानिपतला" असं उत्तर देताना आईची मोठी पंचाईत व्हायची. ऐकणारी बाई क्षणभर थांबायची आणि "बरं असतील ना पण?" असं काहीतरी विचारायची. मराठीत ज्या गावाच्या नावाचा अर्थच सत्यानाश असा झालाय, तिथे मी भाजी घेते, बिलं भरते, डासांशी भांडते.

गाईड मी ठरवून झाले नाही. आधी नातेवाईक आले, मग नातेवाइकांचे शेजारी, मग दिल्लीला सहलीला आलेले बँकेतले निवृत्त लोक. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला एखादी मिनीबस असते. दिल्लीहून नव्वद किलोमीटर. सकाळी सहाला निघायचं, रात्री परत. धुकं असलं तर सहाचे आठ होतात आणि ड्रायव्हर पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यावर नजर ठेवून बैलगाडीच्या चालीने येतो.

दिल्ली सोडताना मी बुराडीचं नाव घेते. यमुनेच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले ते तिथे, १० जानेवारी १७६० ला. पाहण्यासारखं आज काही नाही, दाट वस्ती आहे. पण एक हिशेब सांगून ठेवते. पानिपतची लढाई संक्रांतीला झाली असं आपण सर्रास म्हणतो. ती झाली १४ जानेवारी १७६१ ला, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला. संक्रांत १४ जानेवारीला येते ती आपल्या काळात. दर सत्तर-बहात्तर वर्षांनी ती साधारण एक दिवस पुढे सरकते. तेव्हा ती १० तारखेच्या आसपास यायची. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी गेले ते दत्ताजी, पानिपतच्या एक वर्ष आधी. हे ऐकून दोन-चार माणसं तरी नाराज होतात. अनेक वर्षं सांगत आलेली गोष्ट हातातून निसटते ना.

मुरथलला पराठे. त्यावर लोण्याचा गोळा. इथे अर्धा तास ठरवायचा आणि सव्वा तास द्यायचा. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

पानिपत शहराला बगल देऊन आम्ही आधी पूर्वेला वळतो, काला आंबकडे. उग्राखेडी, निंबरी, छाजपूर ही या बाजूची गावं. जानेवारीत गहू घोट्याच्या वर आलेला असतो, मोहरी पिवळी, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. काला आंब म्हणजे आता भिंत घातलेली बाग आहे. मध्ये विटांचा एक स्तंभ, कडेला हिरवळ, भित्तिशिल्पं. आंब्याचं झाड केव्हाच वठलं. रक्ताने माती भिजली म्हणून आंबे काळे झाले, ही कथा इथला प्रत्येक माणूस सांगतो, आणि झाडाच्या लाकडाचे दरवाजे केले, तेही. मला त्या झाडापेक्षा स्तंभाच्या विटा महत्त्वाच्या वाटतात. का ते सांगते.

१९९८ च्या हिवाळ्यात माझे वडील आले होते. शेतकरी माणूस, सातवीपर्यंत शिकलेले, पण बखरीतल्या गोष्टी तोंडपाठ. काला आंबला आले, चप्पल काढली, नमस्कार केला. मग बागेबाहेर जाऊन बांधाबांधाने हिंडायला लागले, खाली मान घालून. मला वाटलं काही पडलं की काय. अर्ध्या तासाने परत आले आणि म्हणाले, "अगं, इथं दगडच नाही."

त्यांना पानिपतचा एक दगड देव्हाऱ्यात ठेवायला न्यायचा होता. मिळाला नाही. मिळणारच नव्हता. ही सगळी यमुनेने आणून टाकलेली गाळाची माती. कितीही खणा, रेती लागेल, पाणी लागेल, दगड लागणार नाही. म्हणून इथलं जुनं जे काही आहे ते विटेचं. इब्राहिम लोदीच्या थडग्याचा चौथरा विटेचा, बाबराच्या काबुली बाग मशिदीची बांधणी विटेची, काला आंबचा स्तंभही विटेचाच. वडील ओट्यावर बसले, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "लपायला जागाच नाही की गं."

मी पानिपतावर जे काही वाचलं, त्र्यंबक शंकर शेजवलकरांपासून विश्वास पाटलांपर्यंत, ते सगळं या दोन वाक्यांनंतर वाचलं. दगड नाही आणि लपायला जागा नाही. माझी सगळी सहल या दोन वाक्यांवर चालते.

आपली लढण्याची रीत डोंगराने शिकवलेली. खिंडीत गाठायचं, मारायचं, रानात नाहीसं व्हायचं. त्यासाठी खिंड लागते, रान लागतं, पाठीशी गड लागतो. सदाशिवराव भाऊंना हे कळत नव्हतं असं मानणं फार सोपं आहे आणि मला ते पटत नाही. सपाटीवर सपाटीसारखं लढावं लागेल, हे ओळखूनच त्यांनी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळावर आणि तोफांवर भिस्त ठेवली होती. उदगीरला त्याच गारद्याने काय केलं होतं ते त्यांनी पाहिलं होतं. अडचण तोफांची नव्हती, पोटाची होती. फौजेबरोबर बायका, मुलं, बाजारबुणगे आणि कुरुक्षेत्राचं पुण्य गाठीला बांधायला निघालेले यात्रेकरू. बायका आणि जड सामान मागे ठेवा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता. तो ऐकला गेला नाही आणि सूरजमल बाजूला झाला. पुढे हारलेली, जखमी, उघडीवाघडी माणसं त्याच्याच मुलखात पोचली तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न-वस्त्र दिलं. ही गोष्ट मी प्रत्येक बसला सांगते. राग धरायचा हक्क असलेल्या माणसाने तो धरला नाही, असं इतिहासात फारसं सापडत नाही.

मग मी सगळ्यांना उभं करते. दक्षिणेकडे तोंड करा. कॅमेरे खाली ठेवा. समोर काय आहे? दिल्ली. दिल्लीच्या पलीकडे? ग्वाल्हेर, नर्मदा, पुणे. मराठे घराकडे तोंड करून उभे होते आणि अब्दाली अफगाणिस्तानाकडे तोंड करून. दोघांच्याही घरची वाट समोरच्याने अडवलेली. शाळेत आपण उत्तरेकडून शत्रू आला असं शिकलेलो असतो, त्यामुळे ही उलटापालट कळायला दोन मिनिटं लागतात. नंतर शांतता पसरते. बारा वाजायच्या सुमाराला कुणीतरी डोळ्यांवर हात धरतो, तोही मी सांगण्याआधीच. जानेवारीत इथे भर दुपारचा सूर्य जेमतेम चाळीस अंश वर येतो, आणि येतो तो दक्षिणेला. त्या दिवशी सकाळपासून उपाशीपोटी लढणाऱ्या माणसांच्या तो थेट डोळ्यांत होता.

दुपारपर्यंत पारडं आपलं जड होतं. गारद्यांनी रोहिल्यांची फळी फाडली होती, भाऊंनी मधल्या फळीत अब्दालीच्या वजिराला मागे रेटलं होतं. मग अब्दालीने राखीव फौज आणि उंटांवरच्या तोफा पुढे घातल्या. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरले, अंबारी रिकामी दिसली, आणि पुढचं मला सांगावं लागत नाही. गाडीत कितीही थट्टामस्करी चाललेली असो, इथे प्रत्येकाला पुढचं माहीत असतं.

काला आंबहून पुढे सनौलीला, यमुनेवर. हा थांबा मी वाढवला, आणि आता लोक त्याचीच आठवण जास्त काढतात.

रस्त्यात एखादं कोल्हू चालू असलं तर थांबतो. कोल्हू म्हणजे गुऱ्हाळच. सातारा-कोल्हापूरची माणसं इथे एकदम घरच्यासारखी वागायला लागतात. काहिलीत डोकावतात, चिमणीची उंची चुकली म्हणतात, रसात भेंडी घालता का विचारतात. इथे आपल्यासारख्या मोठ्या ढेपा नसतात, मुठीएवढे खडे पाडतात. एकदा शिरोळकडच्या एका शेतकऱ्याने कोल्हूवाल्याला उसाच्या जातीवरून अर्धा तास व्याख्यान दिलं, शुद्ध मराठीत. कोल्हूवाल्याने शुद्ध हरियाणवीत उत्तरं दिली. दोघांचं एकमत झालं म्हणे.

सनौलीच्या पुलाखाली उतरलं की वाळू. हिवाळ्यात यमुना इथे आजारी माणसासारखी दिसते. वर हथनीकुंडला बंधारा आहे, तिथून पाणी दोन्ही बाजूंच्या कालव्यांत जातं आणि नदीच्या वाट्याला राहते ती एक बारीक धार. बाकी सगळं पांढरं, भुरभुरीत, पाय रुतणारं. एका बाईंनी आल्या आल्या म्हटलं, "अगदी चंद्रभागेचं वाळवंट!" आणि वाकून चिमूटभर वाळू कपाळाला लावली. बरोबरचा त्यांचा मुंबईचा नातू हसायला लागला, कारण त्याच्या लेखी वाळवंट म्हणजे राजस्थान, उंट. मराठीत वाळवंट नदीलाही असतं, हे त्याला तिथे कळलं.

या वाळूत उभं राहून मी ऑक्टोबर १७६० सांगते, कारण तेव्हा ही नदी दुथडी भरलेली होती. अब्दाली पलीकडच्या काठावर अडकला होता. तो उतरू शकणार नाही या भरवशावर भाऊ उत्तरेला गेले, कुंजपुरा घेतला, तिथल्या धान्यावर फौज पोसली, आणि पुढे कुरुक्षेत्राकडे निघाले. तेवढ्यात अब्दालीने खाली बागपतजवळ नदी ओलांडली आणि दिल्लीची वाट बंद केली. त्यानंतरचे अडीच महिने पानिपतच्या छावणीत खंदकामागे. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. जनावरं मरू लागली, धान्य संपलं. शेवटी ठरलं ते असं की बायका-मुलांना मध्ये घ्यायचं, भोवती फौजेचा गोल करायचा आणि लढत लढत नदीकडे सरकायचं, दिल्लीची वाट मोकळी करायची. गोल शेवटपर्यंत टिकला नाही. तो ज्या नदीकडे सरकत होता ती आज मुलं पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून ओलांडतात.

"पकडून नेलेल्यांचं काय झालं?" हा प्रश्न वाळूतच येतो, बहुतेक वेळा बायकांकडून. मी पश्चिमेकडे बोट दाखवते. पाकिस्तानात बलुचिस्तानच्या डेरा बुगटी भागात बुगटी टोळीची मराठा म्हणवणारी एक शाखा आहे. पानिपतच्या कैद्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. कोरडे, करड्या रंगाचे सुलेमान पर्वताकडचे डोंगर आणि खाली ओसाड मुलूख. १९५२ साली याच भागात सुई गावी नैसर्गिक वायू सापडला. पाकिस्तानातल्या घराघरांत त्याला आजही सुई गॅस म्हणतात. परंपरा खरी धरली, तर डोंगरातून निघालेली ती माणसं शेवटी डोंगरातच पोचली, फक्त भलत्याच. मी तिथे गेलेले नाही, जाणं होणारही नाही. तरी कधी कधी मला वाटतं की किल्ला आणि टेकडी विचारणाऱ्या माझ्या पाहुण्यांची खरी सहल तिकडची असायला हवी होती.

अलीकडचे वंशज शोधायला मात्र सरहद्द ओलांडावी लागत नाही. पानिपत, कर्नाल, कैथल भागात रोड समाज आहे, आणि त्यातले बरेच जण स्वतःला रोड मराठा म्हणवतात. पानिपतानंतर इथेच लपून राहिलेल्यांची आपण मुलं, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापूरचे इतिहासकार वसंतराव मोरे यांनी ते उचलून धरलं. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत रोडांची वेगळी उत्पत्तिकथा सापडते आणि अनेक अभ्यासकांना मराठा मूळ मान्य नाही. मला विचाराल तर कागदाच्या बाजूने पुरावा अपुरा आहे. पण १४ जानेवारीला काला आंबला या, आणि फेटे बांधून शिवाजी महाराजांचा जयघोष करणारी हरियाणवी पोरं पाहा. त्यांना पुराव्याविषयी विचारायचं धाडस मला तरी होत नाही.

२०२१ च्या ऑगस्टनंतर तर खंडरा गावाचीही मागणी होऊ लागली. टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक आणणारा नीरज चोप्रा तिथला, रोड समाजाचा. पूर्वी लोक विचारायचे, भाऊ कुठे पडले? आता विचारतात, नीरजचं घर कुठे? एका शेतकऱ्याच्या घरापुढे बस उभी करणं मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून मी दुसऱ्याच एका गावात नेते. ओळखीचे एक ताऊ आहेत, ऐंशीच्या पुढचे, ओसरीवर खाट, शेजारी हुक्का. दर वेळी तोच प्रश्न: "कित तै आए सो?" कुठून आलात? मी सांगते, पूना तै. ताऊ हुक्क्याची नळी बाजूला करतात. "फेर तो म्हारे ए सो." मग तर आमचेच. मग लस्सी येते, चुरमा येतो, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांचीही सुटका नसते. इकडे संक्रांतीला सुना सासऱ्याला, थोरल्या दिराला "जागं करतात", म्हणजे त्यांच्यासाठी शाल किंवा ब्लँकेट घेऊन जातात, गाणी म्हणतात, आशीर्वाद घेतात. हळदीकुंकवाची वाणं लुटणाऱ्या आमच्या बायकांना हे फार आवडतं. एकीने तिथल्या तिथे पर्समधून तिळगूळ काढून ताऊंच्या हातावर ठेवला. गोड बोला, असं त्यांना हिंदीत समजावून सांगितलं. ताऊ म्हणाले, या वयात दुसरं काय करणार.

शहरात परतेपर्यंत चार वाजलेले असतात. लोदीचं थडगं, बू अली शाह कलंदराचा दर्गा आणि त्याच आवारातली शायर हालींची कबर, तलावाकाठचं देवीचं मंदिर, जे मराठ्यांनी बांधलं असं इथले लोक सांगतात. हे सगळं घाईघाईत होतं, आणि घाईत होतं याचं मला वाईट वाटतं. पण पाहुण्यांचे डोळे तोवर ब्लँकेटच्या दुकानांकडे लागलेले असतात.

दोष कुणाला देणार? पानिपतचं आजचं नाव ब्लँकेटांवरच आहे. युरोप-अमेरिकेत लोकांनी टाकून दिलेले स्वेटर, कोट गाठोड्यांनी इथे येतात. गोदामात बाया विळीवर बसून त्यांची बटणं, चेनी, अस्तरं काढतात. रंगांप्रमाणे ढीग लागतात: लाल एकीकडे, निळा एकीकडे. रंग जुळवूनच धागा काढतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्रं ते लोकरी कपडे फाडून त्यांचा पुन्हा पिंजलेला तंतू करतात, त्याचं सूत, त्याची कांबळी. भूकंप, पूर, दंगल, कुठेही माणसं उघड्यावर आली की ट्रकमधून वाटली जाणारी करडी ब्लँकेटं बऱ्याचदा इथलीच असतात. माझा नवरा आयुष्यभर याच धंद्यात. आमच्या घरात कापसासारखे तंतू सदैव उडत असतात, देवावरसुद्धा.

बस सुटायच्या आधी माणसं पिशव्या तपासतात. पंचरंगा लोणचं, गजक, ब्लँकेट. शिवाय जवळपास प्रत्येक गटात एकजण तरी असतो ज्याने काला आंबला रुमालात माती बांधून घेतलेली असते. मी त्याला ओळखते. दगड शोधून दमलेला असतो तो.

माझ्या वडिलांनीही शेवटी मातीच नेली होती, एका स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नाना पानिपतावर होते तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे, विश्वासरावांच्याच वयाचे. आई तिथे हरवली, आणि हा पोरगा वेष टाकून, पायी, कसाबसा जीव वाचवून परत आला. वडिलांच्या मनात होतं की डबा वाड्यातल्या घाटावर न्यायचा आणि माती कृष्णेत सोडायची. चांगला दिवस बघू म्हणून तो फडताळात राहिला. चार महिन्यांनी आईला शेंगदाण्याच्या कुटासाठी डबा हवा होता. तिने माती तुळशीत ओतली, डबा घासून घेतला आणि वडिलांना संध्याकाळी सांगितलं. ते काही बोलले नाहीत म्हणे. तुळशीला मात्र दोन दिवस स्वतः पाणी घातलं.